ट्रॉलीचे मागचे दिवे आणि खाडीचं मीठ

बोटीच्या ट्रॉलीचे मागचे दिवे पाण्यात बुडून जात नाहीत. ते जातात नंतर. ट्रॉली घरी आणून उभी केल्यावर, शेडमध्ये, कोरड्यात, आपलं लक्ष नसताना. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, मग म्हणतो, पण पाणी तर खाडीतच लागलं ना? लागलं खाडीतच. पण पाणी लागणं आणि दिवा जाणं या दोन घटनांच्या मधे तीन-चार आठवडे असतात, आणि सगळा खेळ त्या आठवड्यांत होतो.

साताऱ्यात बोट कशाला, हा प्रश्न पोवई नाक्यापासून उंब्रजपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. साताऱ्यापासून समुद्र सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर. मधे सह्याद्री आडवा पडलाय म्हणून तो लांब वाटतो. बोट आमच्या टोळक्याची सामायिक. फायबरची, लहान, मागे आउटबोर्ड इंजिन. कधी बामणोलीच्या बाजूला शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या गोड्या जलाशयात, फिरवायची, आणि थंडी पडली की पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट करत खाली उतरून दाभोळच्या खाडीत न्यायची, गळ टाकायला. मासे किती मिळतात हा वेगळा विषय आहे आणि तो आमच्या घरांमध्ये कुणी काढत नाही.

गंमत अशी की ट्रॉली दोन्ही ठिकाणी सारखीच बुडते. उतारावरून मागे घ्यायची, चाकं पाण्याखाली, दिवे पाण्याखाली, बोट तरंगली की दोर सोडायचा आणि ट्रॉली वर ओढायची. पाच-दहा मिनिटांचं काम. शिवसागरातून आल्यावर दिव्यांना काहीही होत नाही. काचेत पाण्याचे थेंब दिसतात, दोन दिवसांनी तेही वाळतात. दाभोळहून आल्यावर मात्र पुढच्या वेळी गाडीच्या हुकला जोडायला जावं तर डावा इंडिकेटर मेलेला, ब्रेक लाइट उजवा एकटाच, आणि टेल लॅम्प लागला तर लागला.

तसं पाहिलं तर दोन्ही पाणी एकच म्हणायला हरकत नाही. शिवसागराचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, वीजघरांची चाकं फिरवतं, मग वाशिष्ठीत जातं, आणि वाशिष्ठी दाभोळला समुद्राला मिळते. कोयना प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॅट. जे पाणी वर एवढी वीज देतं, तेच खाली जाऊन मीठ खातं आणि आमच्या बारा व्होल्टच्या दोन दिव्यांची वाट लावतं. हा विचार घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर असताना सुचतो, कारण तेव्हा दुसरं काही करता येत नाही.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. गोड्या पाण्यापेक्षा ते वीज शंभरपटीहूनही जास्त सहज वाहून नेतं. म्हणजे प्लग जोडलेला ठेवून, पार्किंग लाइट चालू ठेवून ट्रॉली खाडीत घातली तर बल्बच्या होल्डरच्या पत्र्यातून थेट पाण्यात करंट वाहायला लागतो आणि प्लसकडचं तांबं-पितळ डोळ्यांदेखत खाल्लं जातं. हा भाग टाळायला सोपा आहे. प्लग काढायचा, मग मागे घ्यायची. आमच्यातला एक जण अजूनही ‘संध्याकाळी दिसत नाही रे’ म्हणून दिवे चालू ठेवू बघतो. त्याला टॉर्च आणून दिलाय.

खरा त्रास पुढे. पाण्याखाली असताना धातूला प्राणवायू फारसा मिळत नाही. वर आल्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर आणि मुबलक हवा, दोन्ही एकदम मिळतात. गंजाला याहून चांगला संसार मिळायचा नाही. थर वाळला तरी सुटका नाही, कारण मीठ जात नाही, ते तिथेच बसतं. आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. आषाढात स्वयंपाकघरातल्या बरणीला काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर जास्तच पाणी धरतात. साताऱ्यात यवतेश्वरच्या बाजूनं धुकं उतरलं की शेडमधल्या ट्रॉलीच्या होल्डरमध्ये पुन्हा एक चिमुकली खाडी तयार. ऊन पडलं की वाळते, रात्री पुन्हा ओली. समुद्राची फेरी आपण कधीच विसरलेलो असतो.

होल्डरमधला हिरवा थर निदान दिसतो तरी. वायरीच्या आतलं दिसत नाही. वायर म्हणजे बारीक तारांचा जुडगा. तारांच्या मधल्या फटीतून पाणी आपोआप आत चढत जातं. टोकाशी उघडं तांबं असलं की पुरे. मग वरचं आवरण अगदी नवं दिसतं, पण चाकूनं सोललं तर आत तांबूस काही नसतं, काळं कोळशासारखं काहीतरी असतं. टोक कापून परत सोला, परत काळं. हातभर वायर अशीच जाते. या काळ्या तारेला लग, म्हणजे टोकाला दाबून बसवायचा धातूचा कान, बसत नाही, सोल्डर धरत नाही, आणि तिच्यावर काळी टेप गुंडाळून ‘झालं’ म्हणणारे मिस्त्री महामार्गावर प्रत्येक दहा किलोमीटरवर आहेत. इन्सुलेशन टेप कोरड्या घरात ठीक. खाऱ्या पाण्यात ती ओलावा आत कोंडून ठेवते, आणि पिळा मारलेला जॉइंट तिच्या आडोशाला निवांत सडतो.

लहानपणी आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. भाता, कोळसा, नवसागराचा पांढरा धूर, आणि तापलेल्या पातेल्याच्या पोटात कथील फिरवून फडक्यानं पुसलं की पितळ आतून पांढरं लख्ख. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकायचं, म्हणून आंबटाची आणि पितळेची गाठ पडू द्यायची नाही, मधे कथील. बोटींसाठी जी वायर बनते तिच्यात हेच केलेलं असतं: आतली प्रत्येक बारीक तार कथलाचा मुलामा दिलेली. सोलली की तांबडी नाही, रुपेरी दिसते. खारं पाणी आत चढलं तरी तांब्यापर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो. साताऱ्यात ही वायर मागितली तर दुकानदार आपल्याकडे दयेनं बघतो. मुंबईला लोहार चाळीत मिळाली. साध्या वायरीपेक्षा बरीच महाग. तरी माझं स्पष्ट मत आहे की ट्रॉलीवर पैसे घालायचेच असतील तर पहिले वायरीत घालावेत, दिव्यांत नंतर. लोक नेमकं उलटं करतात. चकचकीत दिवे आणतात आणि जुन्याच सडक्या वायरीला जोडतात.

वायर जोडताना गोंदवाली स्लीव्ह वापरायची. ही साध्या हीट श्रिंक स्लीव्हसारखीच दिसते, पण आतून गोंदाचा थर असतो. गरम केली की आकसते आणि कडेनं गोंदाचा थेंब बाहेर येतो; तो दिसला की जॉइंट बंद झाला समजायचं. ज्यांना सोल्डर करायचंच आहे त्यांनी राळेचा फ्लक्स, म्हणजे सोल्डर धरायला लावतात तो लेप, घ्यावा. पत्र्याच्या कामाचं ॲसिड वायरीला लावलं तर समुद्राची गरजच उरत नाही.

आता अर्थिंग. सगळ्या भानगडींचं मूळ काढत गेलं तर बहुतेक वेळा इथे येऊन थांबतं. दिव्याकडे करंट जायला वायर असते, परत यायला मात्र आपण ‘बॉडी अर्थ’ म्हणून लोखंडावर सोडून देतो. दिव्याचा बोल्ट, तिथून ट्रॉलीची चेसी, तिथून हुकचा गोळा, तिथून गाडी. आणि हुक नीट फिरावा म्हणून गोळ्याला आपणच ग्रीस चोपडलेलं असतं. म्हणजे परतीच्या वाटेवर एका टोकाला गंज आणि दुसऱ्या टोकाला ग्रीस, आणि करंटनं तरी वेळेवर घरी यावं अशी अपेक्षा.

अर्थ गेला की दिवे सरळ बंद पडत नाहीत, वेड्यासारखं वागतात. डावा इंडिकेटर दिला की दोन्हीकडचे टेल लॅम्प मंद लुकलुकायला लागतात. ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे विझतात. करंटला स्वतःची वाट बंद दिसली की तो दुसऱ्या बल्बच्या फिलॅमेंटमधून उलटा शिरून वाट काढतो. असं काही दिसलं तर बल्ब बदलत बसू नये. प्रत्येक दिव्यापासून थेट प्लगपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर ओढावी, चेसीवर काहीही सोपवू नये. सात पिनांच्या प्लगच्या सर्वमान्य पद्धतीत अर्थची वायर पांढरी, डाव्या इंडिकेटरची पिवळी, उजव्याची हिरवी. आमच्या ट्रॉलीत जुन्या मालकाच्या कृपेनं चार वायरी होत्या आणि चारही लाल.

आमचे वायरिंगचे मिस्त्री महामार्गाच्या सर्व्हिस रोडला बसतात. मुख्य गिऱ्हाईक ट्रॅक्टर आणि टेम्पो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडे मल्टिमीटर होता आणि होल्डरवर तो व्यवस्थित बारा व्होल्ट दाखवत होता. बल्ब नवा, व्होल्टेज पूर्ण, उजेड नाही. मिस्त्रींनी मीटरकडे बघितलंही नाही. त्यांनी खिशातून वायर लावलेला साधा बल्ब काढला, एक टोक होल्डरला, एक अर्थला लावलं. बल्ब लागला नाही.

“मीटर नुसतं बघतंय सर,” ते म्हणाले. “बल्बाला वढावं लागतंय.”

यात पूर्ण शास्त्र आहे. मीटर जवळपास काहीच करंट घेत नाही, म्हणून सडलेल्या वायरीतली एकच तार शाबूत असली तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. ब्रेकचा बल्ब 21 वॅटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअर मागतो. ते त्या एका तारेतून जात नाहीत. चालू बल्बचा रोध साधारण 7 ओहम असतो. वाटेत गंजानं 2 ओहम जरी घातले तरी उजेड निम्म्याच्याही खाली येतो. दिवा लागलेला असतो, पण दिवसाउजेडी मागच्याला तो लागलाय हे कळत नाही. टेस्ट लॅम्प कुठल्याही गॅरेजमध्ये बनवून मिळतो. ट्रॉली असलेल्यानं तो गाडीत ठेवावा आणि मीटर घरी.

मागच्याला कळणं ही यातली खरी अडचण आहे, कारण स्वतःचे मागचे दिवे चालवणाऱ्याला कधीच दिसत नाहीत. एकदा परतताना पाटणच्या अलीकडे एक ट्रक बराच वेळ डिपर देत होता. मला वाटलं घाई आहे, साइड दिली. तो शेजारी आला, क्लीनरनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडला, “मागं काय बी न्हाय वो तुमच्या!” अंधार पडून तासभर झाला होता. रस्ता आमच्या ओळखीचा, हंगाम उसाचा. या रस्त्यावर रात्री काय काय चालतं हे साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाला सांगायला नको. गळीत हंगाम सुरू झाला की एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, ऊस मागे लोंबलेला, आणि दिवे असलेच तर त्या उसाखाली झाकलेले. त्यांच्यावर आपण वर्षानुवर्षं बोटं मोडतो. त्या रात्री त्याच रांगेत आमचीही एक ट्रॉली होती, एवढाच फरक की आमच्या ट्रॉलीवर ऊस नव्हता.

हंगामाच्या सुरुवातीला आरटीओ आणि कारखाने उसाच्या वाहनांना रिफ्लेक्टर लावतात, ते मी त्यानंतर नीट बघितलं. रिफ्लेक्टरला वायर नाही, अर्थ नाही, खारं पाणी त्याचं काही बिघडवू शकत नाही. फक्त चिखल पुसायला लागतो. आमच्या ट्रॉलीच्या मागच्या आडव्या पट्टीवर आणि दोन्ही बाजूंना आता लाल रिफ्लेक्टर आणि पट्ट्या आहेत. दिवे असले तरी, नसले तरी.

बल्बचा आणखी एक स्वभाव आहे. कुंभार्ली उतरताना पाय सारखा ब्रेकवर, मागचे बल्ब तापलेले, दिव्याच्या डब्यातली हवाही तापलेली. तशीच ट्रॉली पाण्यात घातली तर कधी काच तडकते, पण तडकली नाही तरी आतली हवा एकदम थंड होऊन आकसते. साठ अंशांवरून अठ्ठावीसवर आली तर साधारण दहा टक्के. तेवढी जागा भरायला दिवा फटीतून पाणी आत ओढून घेतो. रबराची सील चांगली असली की उलट पंचाईत, आत गेलेलं बाहेर येत नाही. म्हणून दिवा एक तर पूर्ण सीलबंद असावा नाहीतर तळाला सरळ भोक असावं. अर्धवट सीलबंद दिवा सगळ्यात वाईट. चाकांच्या बेअरिंगचं दुखणंही अगदी हेच, गरम हब पाणी पितो. पण तो विषय काढला तर लेख संपायचा नाही. खाली पोचल्यावर आधी प्लग काढायचा, मग चहा प्यायचा, मग ट्रॉली पाण्यात. चहा अर्ध्या तासाचा असला तर उत्तम. आमचा नेहमीच असतो.

आणि वर काढल्यावर गोडं पाणी. दुसरं कुठलंही औषध नाही. सोडा नको, रसायनं नकोत. मीठ साध्या पाण्यात विरघळतं, आणि ते जेवढ्या लवकर धुतलं जाईल तेवढं बरं. आईनं होल्डरचा हिरवा थर बघून चिंच सुचवली होती. चिंचेनं पितळ निघतं स्वच्छ, पण मग चिंचही धुवावी लागते, नाहीतर आंबट आतच राहतं. होल्डर धुऊन, फुंकर मारून, पूर्ण वाळवून मग सिलिकॉन ग्रीस. ते नसेल तर बॅटरीच्या टर्मिनलला लावतो ते व्हॅसलीन. प्लगच्या पिनांनाही लावायचं, कारण प्लग पाण्यात बुडत नसला तरी ओल्या, खारट हातांनी आपणच तो धरलेला असतो.

आता हे गोडं पाणी आणायचं कुठून? कोकणात पाऊस धो धो, पण एप्रिल-मेमध्ये खाडीकाठच्या वाड्यांच्या विहिरी तळाला जातात, बायका हंडे घेऊन लांबवर जातात. अशा वेळी ‘जरा दोन बादल्या पाणी द्या, ट्रॉलीचे दिवे धुवायचेत’ असं म्हणायला तोंड उचलत नाही. उचलूही नये. आम्ही साताऱ्याहून कॅन भरून नेतो. घरच्या नळाला कासच्या तलावाचं पाणी येतं. ते घाट उतरून खाडीकाठी जातं आणि दिव्यांवर ओतलं जातं. फवारणीचा छोटा हातपंप असला तर एका कॅनमध्ये दोन्ही दिवे, प्लग आणि ब्रेकचे ड्रम निघतात. ओहोटीला उतारावर चिखल असतो; तेव्हा जास्त पाणी लागतं, कारण तो बारीक चिखल फटीत बसतो आणि मीठ धरून ठेवतो. म्हणून जाण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघायच्या, मग अलार्म लावायचा.

एलईडी लावले की सगळं मिटतं, असं मला सांगणारे खूप भेटले. एलईडी चांगले आहेत, वाद नाही. चांगल्या दिव्यात आतलं सर्किट इपॉक्सीत ओतून बंद केलेलं असतं, होल्डर नाही, तापणं फारसं नाही. शिवाय ते बल्बपेक्षा सेकंदाचा साधारण पाचवा भाग आधी लागतात. ताशी ऐंशीच्या वेगाला मागची गाडी सेकंदाला 22 मीटर येते, म्हणजे तिला चार मीटर जास्त मिळतात. घाटात चार मीटर पुष्कळ झाले. पण खोक्यावरचं ‘आयपी 67’ वाचून समाधान मानू नये. त्याचा अर्थ एवढाच की धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तर पाणी बाधत नाही. ती चाचणी गोड्या पाण्यात होते. मिठाचा त्यात संबंध नाही, आणि महिन्यामागून महिने बुडवण्या-वाळवण्याचाही नाही. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, पाच टक्के मीठ आणि 35 अंश तापमान. ती केल्याचं खोक्यावर लिहिलं असेल तर दोन पैसे जास्त द्यावेत. तरीही दिव्यातून बाहेर येणारी वायर आपण जिथे जोडतो तो जॉइंट आपलाच. बहुतेक एलईडी तिथेच हरतात, आणि नाव दिव्याचं खराब होतं.

यावर मिस्त्रींचं म्हणणं वेगळंच होतं. दिवे पाण्यात घालताच कशाला? त्यांनी ॲल्युमिनियमच्या अँगलची एक आडवी पट्टी बनवली. तिच्यावर दोन्ही दिवे, मधे नंबरप्लेट, आणि प्लगपर्यंत लांब वायर. रस्त्यावर असताना ती पट्टी बोटीच्या मागच्या फळीला बांधायची, खाडीवर पोचलं की सोडून गाडीत ठेवायची. युरोपात असे बोर्ड तयार मिळतात, हे मी त्यांना सांगितलं. “मिळूदेत की,” म्हणाले.

पट्टीचेही ताप आहेत. आउटबोर्ड इंजिन वर उचललेलं असलं की त्याचा पाय पट्टीच्या मागे येतो आणि एक दिवा झाकतो. म्हणून पट्टी बरीच बाहेर काढावी लागली. वायर लोंबते. आणि दिवसभर उन्हात बसून थकलेल्या माणसांनी संध्याकाळी परत बांधायची ती एक गोष्ट वाढते. आमच्यातले दोघे म्हणतात, एलईडी कायमचे बसवा आणि मोकळे व्हा. मी पट्टीच्या बाजूचा आहे. जे पाण्यात गेलंच नाही ते धुवावं लागत नाही, आणि बांधताना का होईना, मागचे दिवे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितले जातात. सध्या तडजोड अशी की पट्टी आहेच, आणि चेसीवर रुपेरी वायरीवर दोन एलईडी टेल लॅम्पही आहेत, पट्टी बांधायची राहिलीच तर.

ट्रॉलीवरचा जुना नंबरप्लेटचा छोटा दिवा तेवढा अजून लाल वायरीवर आहे. ती वायर चेसीच्या पोकळ पाइपातून गेलीय, आत खाडीचा चिखल वाळून घट्ट बसलाय आणि वायर ओढली तर हलत नाही. पट्टीवर नंबरप्लेट आहे, त्यामुळे त्याची गरज नाही. मिस्त्री म्हणतात पाइपाला भोक पाडून कापून काढू. त्यांच्याकडे सध्या हंगामाच्या ट्रॉल्यांची रांग लागलीय, आमचा नंबर दिवाळीनंतर.